दसऱ्याला दारावर ताज्या फुलांचं गोल कडं करायचंय (आजी म्हणते, पुष्पचक्र नको!)

ओवी_राजारामपुरी
गुरुवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सोमवारी घट बसतील, पुढच्या बुधवारी दसरा. आमच्या चौकटीला दरवर्षी झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण असतं. यंदा मला दाराच्या मधोमध अडकवायचं गोल कडं करायचंय, सगळं ताज्या फुलांचं. गेल्या नाताळात एका मैत्रिणीकडं गेलो होतो, तिच्या दारावर सुरूच्या डहाळ्यांचं असलं कडं होतं. बेल वाजवायच्या आधीच आत सण आहे हे कळत होतं. (हो, मी बाईच आहे. ‘गेलो होतो’ वाचून बाहेरगावच्यांनी दचकू नये, कोल्हापुरात असंच बोलतात.)

गणपतीत एकदा करून बघितलंय. फुलवाल्यांचा तो हिरवा स्पंज आणला, गोल कापला, त्यात जरबेरा आणि निशिगंध खोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी जरबेऱ्यांनी माना टाकल्या. स्पंजातलं पाणी दारावरून ओघळत उंबऱ्यापर्यंत आलं, त्याचा डाग अजून आहे. संध्याकाळी आजी देवळातनं आली, दाराकडं बघितलं आणि एवढंच विचारली, “कोण गेलं?”

तेव्हा आता सांगा. सांगाडा कशाचा करू? कुठली फुलं टिकतील? फ्लॅटचं दार आहे, सनमायकाचं, खिळा ठोकला तर नवरा मलाच ठोकंल. आणि आजीला काय सांगू?

तांबडा_पांढरा
गुरुवार, रात्री ९.५८

आजी जगात भारी! सायकलची जुनी रिम घे, झेंडूचा हार गुंडाळ, विषय संपला. खंडेनवमीला गाडीला हार घालायचाच असतोय, चाक काढून दारात आणायचं एवढाच फरक.

कावळा_नाका_काका
गुरुवार, रात्री १०.३०

आजींचं बरोबर आहे. गोल आकार, पांढरी फुलं, मध्ये पोकळ. असलं आपण कुठं बघतो? हुतात्मा स्मारकावर, नाहीतर मयताला. दाराला तोरण लागतं ते चौकटीला, आडवं, आणि त्याच्या खालून माणूस आत येतो. फळीच्या छातीवर फुलं लटकवायची आपली रीत नव्हं. नाताळचं त्यांच्याकडं शोभतं, ते त्यांच्या सणाचं आहे. दसऱ्याला कशाला?

वाचनवेडा
गुरुवार, रात्री ११.०५

काका, थोडी भर घालतो. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत मेणबत्त्या लावायचं जे कडं असतं, ते जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या पाद्र्यानं १८३९ मध्ये सुरू केलं. गरीब मुलांसाठी तो एक आश्रम चालवायचा. नाताळ कधी येणार, नाताळ कधी येणार, असं मुलं रोज विचारायची म्हणून त्यानं दिवस मोजायला मेणबत्त्या लावल्या, त्याही गाडीच्या लाकडी चाकावर. तेव्हा तांबडा_पांढराची रिम अगदीच खुळ्यासारखी नाही. दारावरचं कडं वेगळं, पण चाक, कडं, मुंडावळ, हार ही सगळी एकाच घरातली भावंडं वाटतात मला.

तांबडा_पांढरा
गुरुवार, रात्री ११.०८

बघा! १८३९ पासनं माझं बरोबर आहे.

गजरेवाली
शुक्रवार, पहाटे ५.१५

मी फुलांच्याच धंद्यात. सासऱ्यांपासून शिंगोशी मार्केटात येणं-जाणं आहे, म्हणून ही अवेळीची पोस्ट. माल यायची वाट बघत बसलोय.

ओवीताई, तुझी चूक स्पंजात नाही, फुलांत आहे. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि लवदार. आडवं खोचलंस की मान मोडणारच. निशिगंध एका दिवसाचा पाहुणा, वर पांढरा. आजी बोलणारच की.

आता झेंडूचं ऐक, हे लोकांना कळत नाही. बाजारात आपण घेतो तो सुटा झेंडू, देठ तोडलेला. तो पाणी पीतच नाही! त्याला ओल्या सांगाड्यात बसवला की खालची हिरवी वाटी भिजत राहते आणि फूल तिथनं कुजायला लागतं. वरनं पाकळी टवटवीत, खालनं काळं. झेंडू टिकतो तो कोरडा आणि हवेशीर असला तर. आम्ही टोपलीत का ठेवतो, पिशवीत का नाही, ते एवढ्याचसाठी. घरी आणलास की पिशवी लगेच सोड, पेपरवर पसर, पंख्याखाली. परतीच्या पावसात भिजलेला माल असंल तर अर्धा तास उलटा ठेव, पाणी निथळू दे. फ्रीजमध्ये ठेवणार असलीस तर केळी, सफरचंद बाहेर काढ. पिकत्या फळांनी फुलं लवकर उतरतात.

टिकायच्या बाबतीत शेवंती झेंडूच्या वर. पिवळी घे, थोडी जांभळट पण येते. लाल-पिवळा गलाटा रंगाला चांगला, पण पाकळ्या गळतात. अष्टर दोन दिवस. गुलाबाच्या नादाला लागू नको, दसऱ्याला दर ऐकून पळून येशील.

आणि दहा दिवस टिकणारं ताज्या फुलांचं कडं हे कोण सांगत असंल तर हसून सोडून दे. तीन दिवस, फार तर चार. खंडेनवमीच्या रात्री कर, दसरा दणक्यात होईल.

ओवी_राजारामपुरी
शुक्रवार, सकाळी ८.२०

गजरेवाली मावशी, तुमची पोस्ट आजीला वाचून दाखवली. “ह्या बाईला कळतंय” म्हणाली. माझ्याबद्दल काही म्हणाली नाही.

सांगाड्याचं कुणी सांगा ना. नेटवर वेलींचं, तारेचं, थर्माकोलचं दिसतंय. थर्माकोल नकोय.

राधानगरीकर
शुक्रवार, दुपारी १.१०

एवढं वाचून मला एकच प्रश्न पडला. तुम्ही सगळे ज्याला कडं, रिंग, चक्र म्हणताय, ती चुंबळ नव्हं काय?

आमची आई डोईवर घागर घ्यायची तेव्हा खाली चुंबळ असायची. कापडाची कधी कधी, पण चांगली म्हणजे पिंजराची. भाताचं पिंजर वळून, गोल करून, सुतळीनं आवळलेली. तुम्हाला पाहिजे ते नेमकं हेच, फक्त जरा मोठं. आमच्या वरच्या भागात कुणाच्याही गंजीतून एक पेंडी मागा, फुकट देतील. कोल्हापुरात वैरणीच्या अड्ड्यावर मिळंल.

करायची रीत सांगतो. पेंडी अर्धा तास पाण्यात टाका, नाहीतर पिंजर वळताना तुटतंय. मग निथळून हाताच्या मनगटाएवढा जाड पेळू घ्या आणि पीळ देत देत लांबवत न्या. पेळू बारीक वाटला की नव्या काड्या मधे खुपसायच्या, टोकाला जोडायच्या नाहीत. साधारण सव्वातीन फूट झाला की गोल करा, दोन्ही टोकं एकमेकांत वीतभर घुसवा. मग सुतळी. अंगठ्याएवढ्या अंतरानं वेढा, प्रत्येक वेढ्याला गुडघ्यानं दाबून आवळायचं. माझी पहिली चुंबळ नारळासारखी लांबट झाली होती, आई दिवसभर हसत होती. शेवटी कडं एक दिवस उन्हात वाळवा. वाळल्यावर सुतळी सैल पडते, पुन्हा एकदा आवळा. हे विसरलात तर फुलं लावताना सगळं फिरतंय.

आणि हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, भाताच्या लोंब्या दसऱ्याच्या सुमाराला पिकायला आलेल्या असतात. चार लोंब्या, नाचणीचं एखादं कणीस, आंब्याचा टाळा. कोकणात दसऱ्याला नवं (नवीन धान्य) बांधतात ते असंच. दारात धान्य लागलं की कुणाची हिंमत आहे पुष्पचक्र म्हणायची?

कावळा_नाका_काका
शुक्रवार, दुपारी ३.४५

चुंबळ म्हणाल तर माझी हरकत नाही. नवं बांधणं ही रीतच आहे. फक्त चौकटीचं तोरण काढू नका, ते वर असू द्या. दोन्ही लावा.

गच्चीवरचा_माळी
शुक्रवार, सायंकाळी ६.३०

हिरव्या स्पंजाबद्दल थोडं. तो प्लॅस्टिकच्या जातीचाच फेस आहे, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेला. कुजत नाही, नुसता भुगा होतो. आणि तो हातानं दाबून बुडवला की आत हवेचे खिसे राहतात, देठ कोरडे पडतात. पाण्यावर सोडून द्यायचा, आपोआप बुडू द्यायचा. एकदा पूर्ण वाळला की पुन्हा नीट पाणी धरत नाही. ओवीताईंचा बहुतेक दाबलेला असणार.

आमच्या घरी सणाचा सगळा पाला-फुलं कंपोस्टला जातो, म्हणून पिंजर-सुतळीला माझं मत. एक विनंती, आंब्याची पानं स्टेपलरनं टाचू नका. तोरण उतरल्यावर लोक ते गाईपुढं टाकतात, पिना पोटात जातात. खराट्याची हीर घ्या, टोक तिरकं कापा, पान दुमडून आरपार टोचा. आपल्या आज्या पत्रावळी तशाच तर लावायच्या.

उनाड_भटकी
शुक्रवार, रात्री ९.००

रविवारी मसाई पठारावर चाललोय, सध्या रानफुलं काय फुललीत! पिशवीभर आणू काय? कड्याला रानटी रंग येईल.

गच्चीवरचा_माळी
शुक्रवार, रात्री ९.०४

नको. एक काडीपण तोडू नकोस. पठारावरची ती फुलं वर्षाकाठी थोडेच आठवडे फुलतात, त्याच दिवसांत त्यांचं बी पडायचं असतं. आणि उन्हात तोडलेली असली नाजूक फुलं पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंतही टिकत नाहीत. फोटो काढ.

उनाड_भटकी
शुक्रवार, रात्री ९.११

बरं बाबा, फोटो. रानटी रंगासाठी रस्त्याकडचा कुरडू चालेल ना? तो तर कुठंही उगवलेला असतोय.

गजरेवाली
शनिवार, पहाटे ५.४०

कुरडू झकास! वाळला तरी रंग तसाच राहतो. ओवीताई, कुरडूचे तुरे आणि लोंब्या तू झेंडूच्या आदल्या दिवशीच बसवून ठेव. फुलं शेवटी.

माहेर_कोल्हापूर
शनिवार, सकाळी १०.१५

सध्या पुण्यात आहे, धागा वाचून जीव कासावीस झाला. एकदा चुंबळ तयार असली की वर्षभर फुलं बदलता येतील की! गौरीला तेरडा. आमच्याकडं तेरड्याची गौर पाणवठ्यावरून आणतात आणि मागनं शंकरोबा येतो. फाल्गुनात पळस, पाडव्याला कडुलिंब आणि आंब्याचा मोहोर. आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेचा दवणा. दवणा वाळला तरी वास जात नाही, दारातून जाता-येता पदराला लागतो. त्याचं अख्खं कडं करून बघायला पाहिजे.

ओवी_राजारामपुरी
शनिवार, दुपारी २.३०

माप सांगा कुणीतरी. झेंडू किती आणू?

गजरेवाली
शनिवार, दुपारी ४.००

कडं बाहेरून बाहेर एक फुटाचं धर, जाडी अडीच इंच. दोन इंची झेंडू घेतलास तर बाहेरच्या ओळीत एकोणीस, समोरच्या ओळीत पंधरा आणि आतल्या ओळीत अकरा बसतात. म्हणजे पंचेचाळीस. चार-पाच फुटतील, पन्नास धर. मोठ्या फुलांच्या नादाला लागू नको, मोठ्या झेंडूनं आतलं भोक बुजतं आणि कड्याचा लाडू होतो.

तीन माळा वेगवेगळ्या ओव. दाभण वाटीतनं आडवं घाल. मग माळ कड्यावर ठेवून चार-चार फुलांनंतर सुतळीनं बांध. एकेक फूल चिकटवत बसलीस तर दसऱ्याचं सोनं लुटून लोक घरी येतील तरी तू तिथंच.

ओवी_राजारामपुरी
पुढचा शुक्रवार, रात्री ११.४०

आज ललिता पंचमी. घरचे सगळे टेंबलाई देवीच्या दर्शनाला गेले होते, म्हटलं रिकाम्या घरात रंगीत तालीम करून घेऊ. राधानगरीकर दादा, चुंबळ झाली! वैरणीच्या अड्ड्यावरच्या मामांनी पेंडी दिली आणि विचारलं, “गाय कुठं बांधलाईसा?” चौथ्या मजल्यावर म्हटलं तर बघतच राहिले.

पण मी एक शहाणपणा केला. वाळवायला वेळ नव्हता, शिवाय मनात म्हटलं, ओलं असलं तर फुलांना बरंच. (गजरेवाली मावशी, मारू नका.) ओल्या चुंबळीवरच झेंडू बांधला. वजन केलं तर जवळजवळ दोन किलो. चिकटवायचा हुक लावला, त्यावर ‘तीन किलो’ लिहिलेलं होतं. रात्री साडेदहाला बाहेर धाडकन आवाज. समोरचे काका काठी घेऊन बाहेर आले. जिन्यात झेंडू, लोंब्या, पिंजर आणि मध्ये तो हुक, सनमायकाचा टवका घेऊन.

आजी आली. मला वाटलं आता ऐकायला लागणार. तिनं पिंजर हातात घेतलं, पिळून बघितलं आणि म्हणाली, “ओली चुंबळ डोईवर घेत नाहीत, मान मोडती.” म्हणजे तिला ती चुंबळ वाटली! पुष्पचक्र नाही!

तांबडा_पांढरा
पुढचा शुक्रवार, रात्री ११.५२

समोरच्या काकांना काठी घेऊन आल्याबद्दल सोनं दोन पानं जास्त द्या.

राधानगरीकर
शनिवार, सकाळी ७.३०

चुंबळ उन्हात टाका आजच. दोन दिवसात खडखडीत झाली पाहिजे, पुन्हा आवळा.

हुकाचं सोडा. दाराला काही चिकटवू नका आणि ठोकू पण नका. सुताराच्या घरचा जावई आहे म्हणून सांगतो. एक रुंद पट्टी घ्या, जुन्या साडीचा काठ असला तर उत्तम. ती कड्यातून ओवून दाराच्या वरच्या कडेवरून आतल्या बाजूला घ्या. आतून दाराच्या अंगावर, खाली कडीच्या मुठीला बांधून टाका. दार बंद होतं का ते बघा, काठ पातळ असला की फटीत मावतो. सगळं वजन दाराच्या माथ्यावर येतं.

माहेर_कोल्हापूर
शनिवार, सकाळी ९.००

आणि डागासाठी, कड्याच्या मागं एक पळसाची पत्रावळ लावा. झेंडूचा रंग दाराला लागत नाही, शिवाय पाठीमागून हिरवी-तपकिरी कड दिसते, ती सुंदर दिसते. ही कल्पना माझ्या सासूबाईंची, श्रेय त्यांना.

गजरेवाली
मंगळवार, पहाटे ४.५०

आज खंडेनवमी. झेंडू घ्यायचा असेल तर सकाळी लवकर या, नाहीतर संध्याकाळी उशिरा. मधल्या वेळी सगळं कोल्हापूर गाड्यांना हार घ्यायला आलेलं असतं. दर मी सांगत नाही, दहा मिनिटांनी खोटी ठरेन. हाताला फूल दाबून बघा. वाटी टणक लागली तर ताजं. मऊ लागलं आणि बोटाला पाणी आलं तर सोडा.

आणि आपटा म्हणून कांचनाचे ढीग विकायला असतात. कांचनाचं पान मोठं, मऊ. आपट्याचं लहान, जाडसर. कड्यात खोचायला आपट्याची दोनच पानं पुरे, झाड ओरबाडून कुणाचं भलं झालंय.

ओवी_राजारामपुरी
गुरुवार, सकाळी ११.२०

काल लागलं! आणि पडलं नाही.

चुंबळ कोरडी, वजन पाऊण किलोच्या आत. बाहेर भगवा झेंडू, समोर पिवळा, आत शेवंती. अकरा नाही, नऊच बसल्या, मावशी. खालच्या बाजूला गोल पूर्ण केला नाही, तिथं आंब्याच्या पानांचा झुपका, चार लोंब्या आणि कुरडूचे तुरे. चौकटीला वर नेहमीचं तोरणही आहे, काका. मागं पत्रावळ. साडीचा काठ आजीच्या जुन्या इरकलीचा, तो तिनं स्वतः काढून दिला. देताना “काठ फाडू नको, परत पाहिजे” हे तीनदा सांगितलं.

दुपारी पाहुणे आले, दोघांनी दाराचा फोटो काढला. संध्याकाळी सगळे दसरा चौकात गेलो. पालख्या बघितल्या, छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघितली, गर्दीत चप्पल हरवली. परत आलो तर दारात एक मधमाशी कड्यावर बसलेली, आम्हाला किल्ली लावायला दहा मिनिटं थांबवलीन.

कावळा_नाका_काका
गुरुवार, दुपारी १२.०५

फोटो टाका की. खाली उघडं ठेवलंत ते चांगलं केलंत.

गच्चीवरचा_माळी
गुरुवार, दुपारी १२.४०

उतरल्यावर पंचगंगेत सोडू नका, एवढंच. झेंडू वाळवून पाकळ्या चुरा, काळ्या काड्यांसारखं बी निघतं. जूनमध्ये कुंडीत टाका. संकरित असला तर तसाच येईल याची खात्री नाही, पण येतं काहीतरी.

ओवी_राजारामपुरी
पुढचा सोमवार, रात्री ८.१५

फोटो टाकलेत खाली, माळीदादांचं ऐकून बी पण काढून ठेवलं. झेंडू चौथ्या दिवशी मलूल झाला, शेवंती अजून बरी होती. सगळं सोडवलं, काठ धुऊन आजीला परत दिला. नुसती चुंबळ राहिली. म्हटलं, माळ्यावर ठेवू, पाडव्याला काढू.

आज ऑफिसवरून आलो तर माळ्यावर नाही. शोधलं तर स्वयंपाकघरात. ऑक्टोबरचं ऊन तापलंय म्हणून आजीनं माठ काढलाय, आणि माठाखाली माझी चुंबळ. म्हटलं, आजी, अगं ती दाराची आहे. तर म्हणाली, “माठ हलायला लागलाय, पीळ सैल आहे तुझा. पाडव्याला मी वळतो, तू फुलं आण.”